पाण्यातले पक्षी

बायको अंथरुणाला खिळल्यापासून पेंटरने दुकानांच्या पाट्या रंगवायचं सोडलं, असं तो लोकांना सांगायचा. खरं तर पाट्यांनीच त्याला आधी सोडलं होतं. हल्ली अक्षरं यंत्रातून छापून निघत. एखादी पाटी हाताने रंगवायला कुणी आणून दिलीच, तर तिच्यावर त्याची रेघ सरळ येत नसे. उजवा हात थरथरायचा. एका चपलांच्या दुकानदाराने तर विचारलं होतं, "पेंटर, या अक्षरांना थंडी वाजतेय का?" पेंटरही हसला होता. घरी येऊन त्याने ब्रश धुतले, डब्यात घातले आणि झाकण लावून टाकलं.

तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत बायको उशांना टेकून बसलेली असायची. आडवं झालं की तिला धाप लागायची. पाय सुजून गुळगुळीत झाले होते, बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. हृदय थकलंय, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. जिना उतरणं संपलं होतं. इंजेक्शन द्यायला एक नर्सबाई घरी येई, आणि बाहेरच्या जगाची खबर त्या दोघांना तिच्याकडूनच मिळे.

एके दिवशी इंजेक्शन देऊन झाल्यावर नर्सबाई फळीवरच्या फोटोपाशी थांबली. फोटो पेंटरच्या मुलाच्या लग्नातला होता. मुलगा जाऊन बरीच वर्षं झाली होती. कारखान्यातून येताना ट्रकने उडवलं, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं सगळं.

"ही बाई मला माहीत आहे," नवरीवर बोट ठेवून नर्सबाई म्हणाली. "हिची मुलगी माझ्या पोराबरोबर पोहायला शिकते. बिलंदर आहे पोरगी, पाण्याबाहेर यायचं नावच घेत नाही."

बायकोच्या हातातला पेला कलंडला. चादर भिजली, तरी कुणी हललं नाही.

"ठकी," बायको म्हणाली.

ठकी म्हणजे त्यांची नात. हे नाव आजीने ठेवलेलं. खरं नाव त्या घरात कुणी घेतच नसे. ठकी शाळेत जायच्याही आधी या घरातून गेली होती, आणि ती का गेली हे दोघांनाही पाठ होतं. मुलगा गेल्यावर दीड-दोन वर्षांनी सूनबाईने दुसरं लग्न करायचं ठरवलं. त्यात वाईट काही नव्हतं. तिचं वय ते काय होतं! पण पेंटरला त्यात एकच दिसत होतं. सून जाणार म्हणजे ठकीही जाणार. मग नवराबायकोने एक डाव रचला. सूनबाई पोरीला घेऊन माहेरी गेली होती, तिथे आजी आजारी आहे, एक दुपार पोरीला पाठव, असा निरोप धाडला. सूनबाईने विश्वासाने पाठवली. आजी ठणठणीत होती. त्यांनी ठकीला उचललं आणि दुसऱ्या गावी पेंटरच्या मेहुणीकडे नेऊन ठेवलं. जायचं तर तू जा, आमचं रक्त आमच्याकडे राहू दे, असं पेंटर सूनबाईला दारात म्हणाला. दोन दिवस ती माऊली वेड्यासारखी फिरत होती. शेवटी पोलीस मेहुणीच्या घरी पोचले. ठकीला कडेवर घेऊन निघताना सूनबाई ओरडली नाही, रडली नाही. "आता मेलात तरी कळवू नका," एवढंच म्हणाली.

त्यानंतर पत्ता बदलला, फोन बदलला, आणि पोरीचं आडनावही.

नर्सबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. महिनाअखेरीला तरण तलावावर शर्यती आहेत, कुणीही जाऊ शकतं, वर गॅलरीत बसायला जागा आहे, हे ती सहज सांगून गेली. बायकोने तिचा हात धरला आणि म्हणाली, "माझ्या नातीचा एक फोटो आणशील?"

मग सगळं सांगावं लागलं. नर्सबाईचा चेहरा उतरला. "नको बाई, मला यात ओढू नका. माझं पोर तिथे शिकतं. आणि खरं सांगू, माझ्या फोनमध्ये त्या गॅलरीतून माझाच पोरगा मला ओळखू येत नाही. मुंग्यांसारखी दिसतात पोरं."

ती गेल्यावर बायकोने ओली चादर बाजूला सारली. मग म्हणाली, "अहो, लांबचं जवळ दिसतं असा कॅमेरा असतो ना?"

"असतो."

"मग?"

 दुसऱ्या दिवशी पेंटरने शिडी आणि परांचीचं लोखंडी सामान भंगारवाल्याला नाही, एका ओळखीच्या रंगाऱ्याला विकलं. हात थरथरणाऱ्या माणसाने उंचावर चढायचं तरी कशाला?

जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. काउंटरवर एक मुलगी बसली होती. कानावर पेन्सिल, गळ्यात भिंग. तिच्या मागे काचेच्या कपाटात लेन्सा ओळीने मांडलेल्या होत्या. काही मुठीएवढ्या, काही मनगटाएवढ्या, आणि एक तर चांगली मांडीएवढी. पेंटर त्या थोरल्या लेन्सकडेच बघत राहिला.

"ती बघायला पैसे लागत नाहीत, आजोबा," मुलगी हसून म्हणाली. "घ्यायला मात्र घर विकावं लागेल. काय काढायचंय तुम्हाला?"

पेंटरने घरून निघताना उत्तर तयार केलं नव्हतं. नात म्हणावं, तर पुढचा प्रश्न येणार: मग जवळ जाऊन काढा की.

"पक्षी," तो म्हणाला.

"कुठले?"

"पाण्यातले."

मुलीचा चेहरा उजळला. तिला पक्ष्यांची आवड असावी. बगळे का बदकं, तळं केवढं, तुम्ही किती लांब बसणार, असं तिने भराभर विचारलं, आणि पेंटर एकावर एक खोटं रचत गेला. तिने त्याच्या खिशाचा अंदाज घेतला आणि त्यात बसेल असं काही शोधू लागली. एक कॅमेरा काढला, काही वर्षं वापरलेला, मुठीपाशी रबर सुटलेला. "आत एकदम ठीक आहे. रबर मी चिकटवून देते. याच्याबरोबर ही छोटी लेन्स येते, पण तिने बगळा म्हणजे खडूचा तुकडा दिसेल. तुम्हाला झूम लागेल."

मग तिने दोन झूम लेन्सा काउंटरवर ठेवल्या.

"ही अडीचशेपर्यंत जाते. हिच्यात हाताची थरथर सांभाळणारी सोय आहे. ही दुसरी तीनशेपर्यंत जाते, म्हणजे लांबचं आणखी जवळ दिसेल, पण तिच्यात ती सोय नाही. म्हणून स्वस्त." तिने पेंटरच्या हाताकडे एकदा पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. "मी तर म्हणेन पहिली घ्या."

पहिली घेतली तर खिसा पुरत नव्हता. मग कॅमेरा अजून जुना घ्यावा लागला असता, आणि त्याचा मागचा, फोटो दिसायचा पडदा अधूनमधून बंद पडत होता. पेंटरने तीनशेवाली डोळ्याला लावून दुकानाबाहेर रोखली. रस्त्यापलीकडे कुलपं विकणारा माणूस एकदम समोर आला. त्याच्या कानातला केससुद्धा दिसला.

"हीच," पेंटर म्हणाला.

"पक्षी उन्हात असतात ना?"

"हो, हो. उन्हात."

"मग चालेल. भरपूर उजेड असला की फोटो इतका झटकन निघतो की थरथर उमटतच नाही. फक्त सावलीत, घरात, संध्याकाळी हिच्याकडून अपेक्षा ठेवू नका. तिथे ही मार खाते."

पेंटरने मान हलवली. त्याच्या डोक्यातला तलाव उघडा होता, वर निळं आकाश, कडेला ऊन. तो आयुष्यात कधी तिकडे फिरकला नव्हता. आधी जाऊन बघून यावं असं मनात आलं होतं, पण सूनबाई रोज पोरीला सोडायला येत असणार. तिने पाहिलं असतं तर सगळंच मुसळ केरात.

मुलीने कॅमेऱ्यावरची चकती हिरव्या खुणेवर आणून ठेवली. "हिला हात लावू नका. बाकी सगळं कॅमेरा बघून घेईल."

पुढचे दिवस त्या घरात कित्येक वर्षांत आले नव्हते असे आले. पेंटर गच्चीवर जाऊन टाकीवरच्या कावळ्यांचे फोटो काढायचा आणि खाली येऊन बायकोला दाखवायचा. भर उन्हात कावळ्याचं पीस न् पीस वेगळं दिसत होतं, डोळ्यातली चमकही.

"अहो, कावळा इतका देखणा असतो?" बायको म्हणाली. "आणि आपण त्याला जन्मभर हाकलत आलो."

तिने फळीवर जागा करायला लावली. मुलाच्या फोटोशेजारी. तिथली औषधं खालच्या खणात गेली. केवढा फोटो करायचा, चौकट लाकडी की साधी, यावर दोघांचा वाददेखील झाला. भांडायला एवढा दम तिच्यात उरला असेल असं पेंटरला वाटलं नव्हतं. त्याला बरं वाटलं.

शर्यतीच्या दिवशी तो टोपी घालून, मफलर नाकापर्यंत ओढून गेला. फाटकातून आत शिरला आणि जागीच थांबला. तलावाला छप्पर होतं. पत्र्याचं, उंच, मळक्या काचांचं. वरचे दिवे पिवळे, निम्मे बंद. आत उबट वाफ कोंडलेली. गॅलरीत बसून त्याने कॅमेरा काढला, तर लेन्सवर धुकं. सदऱ्याने पुसलं, पुन्हा धुकं.

खाली मुलं रांगेने उभी होती. सगळ्यांच्या डोक्यावर रबरी टोप्या, डोळ्यांवर चश्मे. टोप्यांचे रंग क्लबांप्रमाणे, म्हणजे एका रंगाची दहा-दहा डोकी. लाउडस्पीकरवरचा माणूस घशातल्या घशात नावं पुकारत होता आणि ती छपरावर आपटून विरून जात होती. पेंटर कान टवकारून बसला. मुलींची एक शर्यत आली तेव्हा ठकीचं खरं नाव पुकारल्यासारखं त्याला वाटलं. खाली लाल टोपीच्या एका मुलीने हात वर केला. बारीक, लांब पायांची. त्याच्या मुलाचे पाय असेच होते. पेंटरने कॅमेरा डोळ्याला लावला.

बटण दाबलं आणि लख्ख उजेड पडला. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश आपोआप उघडला होता. गच्चीवर तो एकदाही उघडला नव्हता, त्यामुळे आपल्या कॅमेऱ्यात असलं काही आहे हेच पेंटरला माहीत नव्हतं. खाली एक मुलगी शिट्टीच्या आधीच पाण्यात पडली. पंचांनी वर बघून हात झटकले. गॅलरीतल्या माना वळल्या.

"अहो आजोबा, फ्लॅश बंद करा!" शेजारचा माणूस म्हणाला.

पेंटरने तो अंगठ्याने दाबला. तो पुन्हा उघडला. शेवटी त्या माणसानेच कॅमेरा ओढून चकती फिरवली आणि परत दिला. शर्यत पुन्हा सुरू झाली. पेंटर लाल टोपीच्या मागे लेन्स नेत राहिला. आता बटण दाबल्यावर आवाज लांबत होता, कच् आणि मग बऱ्याच वेळाने च्. तेवढ्यात हात हलायचा. मागच्या पडद्यावर काळं पाणी दिसे आणि त्यात लाल ओरखडा. त्याने दुसरी चकती फिरवली, लेन्सचं कडं फिरवलं, श्वास रोखला, कोपर गुडघ्याला टेकवलं. ओरखडाच. तेवढ्यात शर्यत संपली.

"तुमची कुठली यातली?" शेजारच्याने विचारलं.

"ती... लाल टोपी."

"लाल टोप्या चार आहेत. नाव काय?"

पेंटरने नाव सांगितलं. आडनाव विचारल्यावर मात्र तो अडला. जुनं सांगावं तर ते आता तिचं नव्हतं, नवं त्याला येत नव्हतं.

शेजारच्याचा आवाज बदलला. "दाखवा बघू कॅमेरा."

बघता बघता पाच-सहा माणसं भोवती जमली. टोपी, मफलर, हातभर लेन्स, आणि पोहायच्या कपड्यांतल्या लहान मुलींचे फोटो. कुणीतरी "पोलिसांना बोलवा" म्हणालं. एका बाईने आपल्या पोरीला टॉवेलात गुंडाळून पाठीमागे घेतलं. पेंटरला ते दिसलं. आपण काय दिसतोय हे त्याला तेव्हा कळलं. "माझी नात आहे हो," तो म्हणाला, पण चोरही हेच म्हणाला असता.

तिथल्या एका कार्यकर्त्याने ते नाव खाली जाऊन विचारलं. थोड्या वेळाने एक बाई जिना चढून वर आली. केस थोडे पांढरे झालेले, खांद्यावर ओला टॉवेल. पेंटरने मफलर खाली ओढला.

"ओळखता का यांना?" शेजारच्याने तिला विचारलं.

सूनबाईने उत्तर द्यायला वेळ घेतला. तेवढ्या वेळात पेंटरने सगळी आशा सोडून दिली होती.

"ओळखते," ती म्हणाली. "मी बघते. तुम्ही बसा."

जिन्याच्या वळणावर कुणी नव्हतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली.  

"अण्णा, कशाला आलात?"

"फोटो हवा होता. एकच. ती फार आजारी आहे गं. हृदय. डॉक्टरांनी..."

सूनबाई हसली. ते हसू बघण्यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर बरं. "गेल्या वेळीही आई आजारीच होत्या."

 या वेळी खरं आहे, हे कसं सांगायचं? शपथ घ्यावी, तर गेल्या वेळच्या निरोपातही शपथ होती. तो म्हणाला, "तू ये. तू स्वतः येऊन बघ."

"नाही येणार. दोन दिवस मी काय काढलेत तुम्हाला माहीत नाही. अजून पोरीला शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला की मी रस्त्यावर धावत सुटते." तिने हात पुढे केला. "कॅमेरा द्या."

त्याने दिला. ती एक-एक फोटो बघत गेली. काळं पाणी, लाल ओरखडा, पुन्हा ओरखडा. एकात पाठ आणि टोपी जरा ओळखू येत होती. तिथे ती थांबली.

"ही ती नाहीच," ती म्हणाली. आवाजातला राग एकाएकी गेला होता. "ती पलीकडच्या टोकाला होती. हे भलतंच मूल आहे."

पेंटरने पडद्याकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे.

"कुणाचंही असो, पुसायला हवं," ती हळू म्हणाली, आणि सगळे पुसून टाकले. कावळेही गेले.

"तिला आमचं काही..." त्याने विचारलं.

"काही आठवत नाही तिला. मी आठवू दिलं नाही."

तेवढ्यात खालून हाक आली, "आई! अगं आई, माझा टॉवेल!" आवाज घोगरा, त्याच्या मुलासारखा. पेंटर नकळत एक पायरी उतरला. सूनबाईने आडवा हात धरला. ढकललं नाही, फक्त धरला. मग कॅमेरा त्याच्या हातात देऊन ती भराभर खाली गेली. तो वरच उभा राहिला. तिने "नको" असं म्हटलंही नव्हतं, तरी त्याच्याने उतरवलं नाही.

घरी बायको उशांना टेकून वाट बघत होती. केस विंचरून घेतले होते. "आणा," ती म्हणाली.

वाटेत पेंटरने शंभर गोष्टी रचल्या होत्या. कॅमेरा बिघडला, शर्यत रद्द झाली, ती आलीच नाही. तिच्यासमोर बसल्यावर एकही जिभेवर आली नाही. त्याने घडलं ते सगळं सांगितलं. आजारपणावर सूनबाई काय म्हणाली तेही.

बायकोने ते ऐकून डोळे मिटले. "निरोप मीच सुचवला होता," ती म्हणाली. "तुम्ही म्हणत होता, सरळ मागून बघू."

"आता कशाला ते?"

"दिसते कशी?"

"मी पाहिली नाही गं. दुसऱ्याच पोरीच्या मागे होतो. मान वर करून नुसत्या डोळ्यांनी बघितलं असतं, तर कदाचित..." 

"आवाज तरी?"

"घोगरा. त्याच्यासारखा."

 बायकोने विचारलं, "पाणी खोल होतं का हो?" आणि उत्तराची वाट न बघता तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्यानंतर तिने ठकीचं नाव काढलं नाही. जेवण कमी झालं, मग थांबलंच. नर्सबाईने समजावलं, रागावून पाहिलं. फळीवरची जागा पेंटरने दोनदा औषधांनी भरली, आणि दोन्ही वेळा तिने हातानेच खूण करून ती परत खाली ठेवायला लावली. एका सकाळी पेंटर चहा घेऊन आत गेला तेव्हा ती बसल्या जागी गेली होती. मान एका बाजूला कलली होती, एवढंच.

सगळं आटोपल्यावर दोन-चार दिवसांनी दार वाजलं. दारात सूनबाई होती. नर्सबाईने तिला सांगितलं असावं. ती आत आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. आतल्या खोलीतल्या उशा अजून तशाच रचलेल्या होत्या. गोळ्यांची पाकिटं होती, सुईचा डबा होता. ती ते सगळं बघत होती.

"खरंच होतं," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलं, तुम्ही पुन्हा..."

"तुझं काही चुकलं नाही," पेंटर म्हणाला. त्याला ते मनापासून म्हणायचं होतं, पण ते म्हणताना आवाज कोरडाच निघाला, आणि तिला तो आरोपासारखा लागला असावा. तिने खाली मान घातली आणि रडली. त्याने पाणी आणून दिलं. थोडं तिच्या पदरावर सांडलं. दोघांपैकी कुणीच ते पुसलं नाही.

"तिला सांगेन मी," जाताना ती दारात म्हणाली. "जरा मोठी झाली की. कधीतरी."

"बरं."

ती जिना उतरत गेली. पेंटर दारातच उभा होता. मजल्यागणिक चपलांचा आवाज बारीक होत गेला आणि मग बंद झाला. तिने पत्ता दिला नव्हता, आणि त्याने मागितला नव्हता. त्याने दार लावलं, आत जाऊन एक उशी उचलली, आणि ती कुठे ठेवायची ते न सुचून पुन्हा होती तिथेच ठेवली.